राजकन्या आणि म्हातारी

जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे आज 2 जानेवारी 1890. तुम्ही सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात येऊन बसता. बुटांवरचा बर्फ अजून वितळतोय. उद्या ‘द स्लीपिंग ब्यूटी’ या बॅलेचा पहिला प्रयोग, आज रंगीत तालीम. ती बघायला खुद्द झार तिसरा अलेक्झांडर आलाय.

रिकार्डो द्रीगोची छडी उठते. वाद्यवृंदातून आधी दुष्ट परी काराबॉस कडाडते, आणि लगेच लायलॅक परीची शांत धून येऊन तो राग निववते. पडदा वर जाण्याआधीच गोष्टीचा शेवट तुमच्या कानांत पडलेला असतो.

उंदरांनी ओढलेल्या गाडीतून काराबॉस येते. नीट बघा, तो पुरुष आहे: 39 वर्षांचा इटालियन नर्तक एन्रिको चेकेत्ती. पुढे हार्प झरते आणि चार राजपुत्र राजकन्या ऑरोरासमोर येतात. ऑरोरा झालेली कार्लोत्ता ब्रिआन्झा पायाच्या अंगठ्यावर तोल सावरते आणि एकेकाला हात देते. रागदारी ऐकणारे तुमचे कान समेची वाट पाहतात. इथली सम तिच्या अंगठ्यात आहे.

हा नाच आखला नृत्यरचनाकार मारियुस पेतिपाने. संगीतकार चायकॉव्स्कीकडे त्याने मागणी नोंदवली होती: म्हातारीच्या वेशात आलेल्या काराबॉसच्या चातीचा दोन मात्रांचा ठोका, त्यातून तीन मात्रांचा वॉल्ट्झ, मग एकदम स्तब्धता. बोटाला टोचलं! नीलम परीसाठी त्याला पाच पैलू हवे होते. चायकॉव्स्कीने पाच मात्रांची लय दिली. शिंप्याला माप द्यावं तसं हे काम. पण बंदिश कितीही पक्की असली तरी ती प्रत्येक गळ्यात वेगळी उमटते.

त्याचा पुरावा शेवटच्या अंकात मिळतो. बासरी आणि क्लॅरिनेट एकमेकांना साद घालतात आणि निळा पक्षी हवेत झेपावतो. तुम्ही चमकता. हा तर मघाचा काराबॉस! त्याच चेकेत्तीचे पाय आता जमिनीला टेकायला तयार नाहीत. याच अंकात ओबो आणि बासून ही वाद्यं चक्क मांजरांसारखी गुरगुरतात, नर्तक पंजे उगारतात, आणि तुम्ही खुर्चीत हसता.

झार चायकॉव्स्कीला म्हणतो, “फार छान.” बस्स, एवढंच. संगीतकार हे शब्द रोजनिशीत उतरवून घेतो, पुढे उद्गारचिन्हांची रांग लावून.

आता डोळे मिटा आणि 1921 सालच्या लंडनमध्ये, अल्हाम्ब्रा थिएटरात उघडा. निर्माता दियागिलेव्हने तेच बॅले उभं केलंय. ऑरोरा नवी आहे. काराबॉस मात्र ओळखीची वाटते. 31 वर्षांपूर्वी ऑरोरा होऊन ज्या म्हातारीच्या हातून चाती घेतली, तिच्याच वेशात आज कार्लोत्ता ब्रिआन्झा उभी आहे.