परदेशी भाषेचे शब्द पाठ करताय आणि विसरताय? अंकी ॲप असं वापरा

मी पेण तालुक्यातल्या कासूचा. जर्मन शिकायला पनवेलला क्लासला जायचो. परत येताना दिवा-रोहा गाडीत वही काढायची आणि चाळीस शब्द पुन्हा पुन्हा वाचायचे, हा माझा अभ्यास. कासू येईपर्यंत सगळे पाठ, आणि दोन दिवसांनी निम्मे गायब! ए-१ परीक्षेत पहिल्यांदा नापास झालो तो यामुळेच.

वाचू नका, आठवा

२००८ साली कार्पिकी आणि रोडिगर या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द शिकवले. शब्द आल्यावरही जे स्वतःला विचारत राहिले, त्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के शब्द आठवले. एकदा आलेला शब्द ज्यांनी पुन्हा विचारला नाही, त्यांना साधारण ३५ टक्केच. त्यातल्या काहींनी तो शब्द नंतरही वाचला होता, तरी उपयोग झाला नाही.

अंकी ॲप हेच काम करतं. जपानीत अंकी म्हणजे पाठांतर. आलेला शब्द ते काही दिवसांनी विचारतं, मग आणखी उशिरा. चुकलेला लगेच परत आणतं.

कसं वापरायचं?

१. प्ले स्टोअरवरून 'अंकीड्रॉइड' घ्या. मोफत आहे, नेट नसतानाही चालतं. आयफोनवरचं अधिकृत ॲप मात्र विकत घ्यावं लागतं.

२. नवीन डेक बनवा. कार्डाच्या पुढे मराठी शब्द, मागे जर्मन.

३. कार्ड दिसलं की आधी तोंडाने उत्तर द्या, मगच मागची बाजू बघा. आठवलं तर 'गुड', नाही तर 'अगेन'. इथे स्वतःला फसवू नका.

४. ॲप रोज २० नवीन शब्द देतं. सेटिंगमध्ये ते १० करा. जुन्या शब्दांची उजळणीही रोज असते, ती साचली की कंटाळा येतो.

गोएथे इन्स्टिट्यूटच्या ए-१ यादीत साधारण ६५० शब्द आहेत. रोज १० धरले तर ६५ दिवसांत सगळे एकदा होतात.

शब्द डोक्यात बसत नसेल तर?

त्याला मराठीतला जवळचा आवाज जोडा. दाराला जर्मनमध्ये 'ट्यूर' म्हणतात. मला 'तूर' ऐकू आलं. मी डोळ्यांसमोर आणलं, तुरीचं पोतं आमच्या दारात आडवं पडलंय. आता विसरणं शक्य नाही! कार्डावर फोटोही लावता येतो, मी घरच्याच दाराचा लावला.

एक सावधगिरी

जर्मनमध्येही मराठीसारखी तीन लिंगं आहेत, पण जुळतीलच असं नाही. आपली ती खिडकी, त्यांचं 'डास फेन्स्टर', म्हणजे नपुंसकलिंगी. म्हणून नुसतं 'फेन्स्टर' लिहू नका, कार्डावर 'डेर', 'डी' किंवा 'डास' हवंच. मी सुरुवातीला ते गाळलं आणि सगळी कार्डं पुन्हा बनवावी लागली.

दुसऱ्यांदा परीक्षा दिली तेव्हा पास झालो. गाडी तीच होती, वेळही तेवढाच. फक्त वहीऐवजी हातात मोबाईल होता, आणि उत्तर बघायच्या आधी मी ते आठवत होतो. तुम्ही आजच १० कार्डं बनवा आणि उद्या सकाळी स्वतःला विचारा.