साथीचे शब्द आणि दिनक्रम : परभणी जिल्ह्यासंबंधी एक टिपण

साथीच्या रोगाचा इतिहास बहुधा मृत्युसंख्येने मोजला जातो. दिनक्रमात पडलेला पालट मात्र शब्दांतून अधिक कळतो.

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. १९११ ते १९२१ या दशकात हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ३३ लाखांवरून १ कोटी २४ लाखांवर उतरली. १९१८ चा इन्फ्लुएन्झा हे त्याचे एक प्रमुख कारण होय. मराठी लोकांनी त्या तापास ‘मानमोडी’ म्हटले. हे नाव रोग्याच्या देहपीडेतून घडले.

२०२० चे शब्द निराळे आहेत. ब्रिटिश अमदानीतील १८९७ चा साथरोग कायदा महाराष्ट्र शासनाने मार्च २०२० मध्ये लागू केला, आणि ‘लॉकडाऊन’, ‘विलगीकरण’ हे शब्द आदेशांतून बोलीत उतरले. ते पीडेचे नव्हेत, निर्बंधाचे आहेत. प्लेगच्या काळी लोक गाव सोडून रानात झोपड्या घालीत. २०२० मध्ये उंबरठ्याआत राहणे हाच बचाव ठरला. आठवडी बाजार, पंगत, अंत्ययात्रा यांची रीत मोडली. जनाबाईंच्या गंगाखेडच्या वारकऱ्यांनाही १ जुलैची आषाढी पंढरीवाचून करावी लागली. रोजंदारीवर जगणाऱ्यास तर घरी राहणे म्हणजे चूल विझणे होते. तो अर्थ आदेशातील शब्दात नव्हता.

मानमोडी भोगलेल्या पिढीस आता काही विचारता येत नाही. लॉकडाऊन भोगलेली पिढी आपल्याभोवती आहे. तिची बोली आजच टिपून ठेवणे, हे इतिहासाच्या व भाषेच्या अभ्यासकांचे समान कर्तव्य होय.