प्रवेश अर्जाचा इतिहास : मॅट्रिकच्या अर्जापासून ऑनलाइन अर्जापर्यंत
(विशेष संदर्भ : रिहे, ता. मुळशी, जि. पुणे)

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या इतिहासात मुळशी तालुक्याचे नाव प्रामुख्याने १९२१ ते १९२४ या काळातील मुळशी सत्याग्रहामुळे घेतले जाते. सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखालील या लढ्यावर विपुल लेखन झाले आहे. याच तालुक्याच्या शैक्षणिक इतिहासाकडे मात्र अभ्यासकांचे तितकेसे लक्ष गेलेले नाही. आज तालुक्याच्या पूर्व भागात हिंजवडीची माहिती तंत्रज्ञान नगरी उभी आहे आणि त्याच तालुक्यात रिहे खोऱ्यातील गावे आहेत. रिहे येथील विद्यार्थ्याला बारावीनंतर पिरंगुट किंवा पुणे शहर गाठावे लागते. तत्पूर्वी त्याला आणखी एक मजल मारावी लागते, ती म्हणजे ऑनलाइन अर्जाची. प्रवेश अर्ज ही वरकरणी किरकोळ कार्यालयीन बाब वाटते. परंतु उच्च शिक्षणाचे दार कोणासाठी, कोणत्या अटींवर उघडले गेले, याचा तो महत्त्वाचा पुरावा आहे.

उद्दिष्टे

१) विद्यापीठीय अर्जपद्धतीतील स्थित्यंतरांचा मागोवा घेणे.
२) अर्जातील माहितीची हमी कोणी द्यायची, या प्रश्नाचे बदलते उत्तर तपासणे.
३) ग्रामीण विद्यार्थ्याच्या दृष्टीने ऑनलाइन पद्धतीचे मूल्यमापन करणे.

प्रस्तुत निबंधात वर्णनात्मक ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला आहे.

मॅट्रिकचा अर्ज आणि मुख्याध्यापकाची हमी

१८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. आरंभीच्या काळात हे विद्यापीठ स्वतः अध्यापन करीत नसे. संलग्नता देणे, परीक्षा घेणे व पदव्या प्रदान करणे एवढेच त्याचे कार्य होते. त्यामुळे विद्यार्थ्याचा विद्यापीठाशी संबंध येई तो अर्ज व उत्तरपत्रिका यांच्याद्वारेच. १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक परीक्षा झाली व तीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर उत्तीर्ण झाले. उमेदवाराच्या वयाची व वर्तणुकीची हमी शाळाप्रमुखाने द्यावी, अशी पद्धत होती. म्हणजेच अर्ज विद्यार्थ्याचा असला तरी त्यामागे त्याला ओळखणारी एक व्यक्ती उभी असे.

अर्ज कोणी करावा, हा प्रश्नही याच काळात निर्माण झाला. विद्यापीठाच्या नियमांची भाषा पुल्लिंगी होती व तिचा अर्थ स्त्रियांना वगळण्यासाठी लावला जात असे. १८८३ मध्ये नियमांतील पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश होतो, असे विद्यापीठाने मान्य केले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या. नियमातील एका शब्दाचा अर्थ बदलताच अर्धा समाज अर्ज करण्यास पात्र ठरला, ही घटना बोलकी आहे.

पुणे विद्यापीठ आणि महाविद्यालयीन कार्यालय

१० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झाले व डॉ. मु. रा. जयकर हे पहिले कुलगुरू झाले. आरंभी विद्यापीठाचे कार्यक्षेत्र १२ जिल्ह्यांचे होते. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ आणि १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर ते पुणे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) व नाशिक या तीन जिल्ह्यांपुरते राहिले. २०१४ मध्ये विद्यापीठाचा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असा नामविस्तार झाला.

या काळातील अर्ज कागदी होता. खिडकीवर रांग लावून अर्ज विकत घ्यावा, शाळा सोडल्याचा दाखला व गुणपत्रिका जोडावी, सत्यप्रतींवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही-शिक्का घ्यावा, असा हा क्रम होता. त्यात हेलपाटे होते, दिरंगाई होती आणि अधिकाऱ्याच्या सहीसाठी ताटकळणेही होते. या पद्धतीचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. तथापि महाविद्यालयाच्या कार्यालयातील लिपिक अर्ज हाती घेताना तो वाचत असे. राहिलेला रकाना तो दाखवून देई व चुकीचा प्रवर्ग तेथेच दुरुस्त करून घेता येई.

ऑनलाइन पद्धतीचा उदय

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये इलेक्ट्रॉनिक अभिलेखांना कायदेशीर मान्यता मिळाली. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची (एमकेसीएल) स्थापना झाली. २००९ मध्ये मुंबई विभागात अकरावीचे केंद्रीय प्रवेश ऑनलाइन झाले आणि २०२५ मध्ये ही पद्धत संपूर्ण राज्याला लागू करण्यात आली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथून आधार क्रमांकाच्या वितरणास प्रारंभ झाला. शिष्यवृत्त्यांसाठीचे महाडीबीटी संकेतस्थळ २०१७ मध्ये सुरू झाले.

या क्रमातील एक निर्णय विशेष लक्षणीय आहे. २०१५ मध्ये राज्य शासनाने स्वयंसाक्षांकन व स्वयंघोषणापत्र स्वीकारले. राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीचा जाच त्यामुळे संपला, हे निश्चितच स्वागतार्ह होय. परंतु त्याच वेळी हमीदाराची भूमिका स्वतः अर्जदाराकडे आली. जी हमी १८५९ मध्ये मुख्याध्यापक देत होता, ती आता सतरा-अठरा वर्षांचा विद्यार्थी पडद्यावरील चौकटीत खूण करून देतो.

रिहे येथून अर्ज करताना

ऑनलाइन अर्जाने पुण्याची खेप वाचवली, हे मान्य केले पाहिजे. मात्र अर्जासोबतच्या दाखल्यांचे मार्ग निराळे आहेत. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पौड येथील तहसील कार्यालयाशी, तर जात वैधता प्रमाणपत्रासाठी जिल्हा पडताळणी समितीशी संबंध येतो. हे अर्जही ऑनलाइन करता येत असले तरी पुराव्यांची जमवाजमव कुटुंबालाच करावी लागते. नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते आणि बारावीचा निकाल त्यानंतर लागतो. त्यामुळे अकरावीत काढून ठेवलेले प्रमाणपत्र ऐन प्रवेशाच्या वेळी निरुपयोगी ठरू शकते.

नावाचा प्रश्नही असाच आहे. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, तर आधारपत्रावर ते बहुधा शेवटी असते. १ मे २०२४ पासून शासकीय दस्तऐवजांत आईच्या नावाचा समावेश बंधनकारक झाला. हा निर्णय पुरोगामी आहे, पण तो १ मे २०१४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी असल्याने जुन्या-नव्या नोंदींची जुळणी पुढेही करावी लागणार आहे. लिपिक अशा दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत हे ओळखतो, यंत्रणा ते ओळखेलच असे नाही. आधारशी जोडलेला भ्रमणध्वनी वडिलांजवळ आणि वडील कामावर असतील, तर ओटीपी वेळेत मिळत नाही. अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकाने स्वतःचाच क्रमांक किंवा ईमेल नोंदवला, तर पुढील सूचना विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नाहीत.

या चुकांची किंमत मोठी असते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्कात संपूर्ण सवलत मिळते. परंतु हा लाभ केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांसाठी आहे. म्हणून ज्या मुलीचा अर्ज अपुरा राहतो, तिच्या बाबतीत हा हक्क कागदावरच राहतो. १८८३ मध्ये अडसर नियमाच्या शब्दात होता, आज तो रकान्यात आहे.

निष्कर्ष

१) अर्जाचे माध्यम बदलले, तसे त्याचे उत्तरदायित्वही संस्थेकडून विद्यार्थ्याकडे सरकले.
२) ऑनलाइन पद्धतीने रस्त्यावरचे अंतर कमी केले. दाखले, भाषा व साधने यांचे अंतर मात्र कायम राहिले.
३) विद्यार्थ्याला ओळखून त्याचा अर्ज वाचणारी व्यक्ती हा जुन्या पद्धतीतील उपयुक्त घटक होता. नव्या पद्धतीत त्याला जागा राहिली नाही.

यास्तव ग्रामीण भागातील महाविद्यालयांनी अकरावीपासूनच दाखल्यांची तपासणी करावी, प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचा ईमेल व क्रमांक वापरण्यास शिकवावे आणि अर्ज अंतिम करण्यापूर्वी एका प्राध्यापकाने तो विद्यार्थ्यासमवेत वाचावा. यासाठी नव्या निधीची वा नव्या कायद्याची आवश्यकता नाही. शाळाप्रमुखाची सही अर्जावरून गेली असली, तरी तिच्यामागील जबाबदारी शिक्षकाने आजही स्वीकारता येण्यासारखी आहे.