शुक्रवारची कोळशाची गाडी

12 मार्च 1943, शुक्रवार. डिचोलीत अजून पुरतं उजाडलेलं नाही. म्हापशाच्या बाजाराला निघालेली मिरचीची पोती टपावर चढलीत, तुम्ही पिशवी मांडीवर घेऊन बाकावर टेकलात, आणि गाडी काही हलत नाही. मागे एक पत्र्याचं पिंप बसवलंय. क्लीनर, जेमतेम पंधरा वर्षांचा, पंख्याचा दांडा गरगर फिरवतोय. पाव तास झाला.

तुम्ही उतरून जवळ जाता. पिंपात लोणारी कोळसा धुमसतोय. हे वाफेचं इंजिन नव्हे. अपुऱ्या हवेत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो; तोच गाळून, थंड करून पेट्रोलऐवजी इंजिनाला पाजायचा. मुलगा नळीच्या तोंडाशी काडी धरतो. विझते. पुन्हा दांडा. तिसऱ्या खेपेला निळी ज्योत टिकते. "पात्रांव, गॅस आयलो!"

ड्रायव्हर घोटभर पेट्रोलवर इंजिन जागं करतो, मग गॅसवर घेतो. गेल्या मार्चमध्ये रंगून पडलं, ब्रह्मदेशाचं तेल गेलं, तेव्हापासून पेट्रोल तुपासारखं वाढतात. बाकांवर कुजबुज आहे ती मंगळवारची: मुरगावच्या बंदरात जर्मन बोटी पेटल्या म्हणे. शिमग्याचं कुणाला सुचत नाही, नऊ दिवसांवर आला तरी.

चढ लागतो आणि गाडी धापा टाकू लागते. या गॅसमध्ये निम्मा तर नायट्रोजनच, जळायला उपयोग शून्य. "उतरा!" पुरुष उतरतात, ढकलतात. काजूच्या बोंडांचा आंबूस वास धुरात मिसळतो.

मुलगा झाकण उघडून सळईनं राख मोकळी करतो. आत वाकतो, जरा जास्तच वेळ. मग झाकण तसंच टाकून रस्त्याकडेला बसतो, कपाळ दाबून. हा गॅस दिसत नाही, त्याला वास नाही, आणि माणसाला तो आधी गुंगी आणतो. युद्धाच्या गोष्टींत बोटी येतात, सेनापती येतात. हे डोकं धरून बसलेलं पोर कुठेच येत नाही, याचा मला राग आहे.

"त्याला वाऱ्यावर बसवा," ड्रायव्हर म्हणतो. कुणीतरी तांब्या पुढे करतं. मुलगा दोन घोट घेतो, उठायला बघतो, पाय साथ देत नाहीत. तोवर निखारे मंदावलेत.

दांडा अजून गरम आहे. तुम्ही धोतराचा सोगा हाताला गुंडाळता आणि फिरवू लागता.