आजोबा ज्या रस्त्याने गेले

वसई फाट्याजवळ माझी आत्या राहते. श्रावणात तिच्याबरोबर तुंगारेश्वरला जायचं, तर आधी मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडावा लागतो. मंदिरापर्यंतची चढण परवडली, पण हा रस्ता नको, असं आत्या दरवर्षी म्हणते. कंटेनर, ट्रेलर, टँकर यांची रांग तुटायची वाट बघत आम्ही दुभाजकावर उभ्या असतो. गेल्या वर्षी तिथे उभी असताना मला 'आजोबा' आठवले.

हे आजोबा म्हणजे एक बिबट्या. २००९च्या उन्हाळ्यात नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला तो विहिरीत पडला होता. वयस्कर आणि शांत, म्हणून नाव पडलं आजोबा. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि वनखात्याने त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा घातला आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. पुढच्या जवळपास महिनाभरात हा बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालला. कसाऱ्याचे रेल्वे रूळ, मुंबई-आग्रा महामार्ग, मग तुंगारेश्वर, वसईची औद्योगिक वसाहत आणि शेवटी खाडी पोहून पलीकडचं नागला जंगल. त्याच्यावर २०१४मध्ये 'आजोबा' नावाचा मराठी सिनेमाही आला. तोवर आजोबा मात्र राहिले नव्हते. २०११मध्ये मुंबईजवळच्या महामार्गावर एका वाहनाने त्यांना उडवलं होतं.

कायद्याने आजोबांना पूर्ण संरक्षण होतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीत येतो, वाघाच्या रांगेत. त्याची शिकार केली तर तुरुंग. मग तरी तो रस्त्यावर का मेला? याचं उत्तर शोधायला मला प्राण्यांच्या कायद्याकडून पैशाच्या हिशेबाकडे जावं लागलं, आणि तिथून थेट १८६४ सालात.

त्या वर्षी सुरतेकडून येणारा लोहमार्ग वसईची खाडी ओलांडून मुंबईत ग्रँट रोडला पोहोचला. रेल्वे खासगी कंपनीची होती, पण जोखीम आपली. भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी सरकारने दिली होती. नफा कमी पडला, तर फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून. यावर मुंबईत कोणी प्रश्न विचारला का? विचारण्याची सोयच नव्हती. १८६१च्या कायद्याने मुंबईला विधिमंडळ मिळालं होतं, पण त्यातल्या सभासदांना समोर आलेल्या विधेयकापलीकडे बोलायला बंदी होती. अंदाजपत्रकावर चर्चा करण्याचा आणि सरकारला प्रश्न विचारण्याचा हक्क आला १८९२मध्ये. उत्तर पटलं नाही, तर त्यावर उपप्रश्न विचारण्याचा हक्क यायला १९०९ उजाडलं. म्हणजे गाडी आधी आली, आणि तिच्या खर्चाबद्दल तोंड उघडायची परवानगी २८ वर्षांनी.

त्या काळच्या सरकारी हिशेबात जंगली प्राणी नव्हते असं नाही. होते, पण इनामाच्या रकान्यात. वाघ, बिबट्या, लांडगा मारून आणला की सरकार पैसे मोजायचं. सरकारच्या वहीत बिबट्याची किंमत होती, ती फक्त मेल्यावर.

१९७२च्या कायद्याने ही वही उलटी केली. अभयारण्यातल्या प्राण्याचा अधिवास नष्ट करायचा, तर कलम २९ प्रमाणे परवाना लागतो. हा परवाना फक्त एकाच कारणासाठी देता येतो: वन्यजीवांचं भलं आणि त्यांचं अधिक चांगलं व्यवस्थापन. वाचायला फार सुंदर. प्रत्यक्षात याच चौकटीतून रस्ते, वाहिन्या, लोहमार्ग मंजूर होत गेले. फाइल राज्याच्या मंडळाकडे जाते, मग राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीकडे, आणि काही अटी घेऊन परत येते.

आता आपल्याच दारातली गोष्ट घेऊ. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन ५०८ किलोमीटरची. त्यातला महाराष्ट्राचा वाटा सुमारे १५६ किलोमीटर, आणि त्यातले १०९ एकट्या पालघर जिल्ह्यात. विरार आणि बोईसर ही दोन स्थानकं आपली. २०१७मध्ये भूमिपूजन झालं, तेव्हा खर्चाचा आकडा होता सुमारे १ लाख ८ हजार कोटी. बहुतेक पैसा जपानच्या कर्जाचा, पण महाराष्ट्राच्या तिजोरीतून ५ हजार कोटींचं भागभांडवल द्यायचं ठरलं. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा परिसर यांतून जाणाऱ्या या मार्गाला वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने २०१९च्या सुरुवातीला मंजुरी दिली.

मग त्याच वर्षी जूनमध्ये विधान परिषदेत शिवसेनेच्या आमदार मनीषा कायंदे यांनी प्रश्न विचारला. परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी लेखी उत्तर दिलं: १३.३६ हेक्टर क्षेत्र बाधित होईल, ५४ हजार खारफुटीची झाडं जातील, आणि एका झाडामागे पाच झाडं लावली जातील. गंमत म्हणजे मंत्रीही शिवसेनेचेच. आपल्याच पक्षाच्या मंत्र्याला विचारलेल्या या एका प्रश्नाने ५४ हजार हा आकडा सभागृहाच्या कामकाजात कायमचा नोंदला गेला.

आकडा एकदा नोंदला गेला की तो धरून बोलता येतं. ठाणे स्थानकाचा आराखडा बदलल्यामुळे तोडायची झाडं कमी होतील, असं रेल्वे महामंडळाने सांगितलं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८मध्ये खारफुटी तोडण्यावर राज्यभर बंदी घातली होती. सार्वजनिक हिताचं काम असलं तरी न्यायालयाची परवानगी आवश्यक केली होती. त्यामुळे महामंडळाला तिथेही जावं लागलं. डिसेंबर २०२२मध्ये परवानगी मिळाली, ती सुमारे २२ हजार झाडांसाठी. हे सगळं एका प्रश्नामुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण ५४ आणि २२ यांतलं अंतर आपल्याला दिसतं, कारण ५४ आधी कोणीतरी वदवून घेतले होते.

इथे मला एक गोष्ट खटकते. खारफुटी मोजता येते, कारण ती जागची हलत नाही. बिबट्या चालतो. कायदा अभयारण्याची हद्द हेक्टरमध्ये मोजतो. तुंगारेश्वर २००३मध्ये अभयारण्य झालं, क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर. पण आजोबा ८५ चौरस किलोमीटरमध्ये राहत नव्हते, ते १२० किलोमीटरच्या एका वाटेवर राहत होते. हद्दीबाहेर बिबट्याला मारणं गुन्हा आहेच, पण त्याच्या वाटेवर आठ पदरी डांबर टाकणं गुन्हा नाही. तो खर्चाचा निर्णय आहे. आणि खर्चाचा निर्णय अडवायची, बदलायची, निदान जाहीर करून घ्यायची जागा सभागृह हीच आहे.

पैसे टाकले तर वाट ठेवता येते, हेही याच राज्याने दाखवलंय. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, बऱ्याच न्यायालयीन लढाईनंतर, प्राण्यांना खालून जायला नऊ जागा बांधल्या गेल्या. मार्च ते डिसेंबर २०१९ या दहा महिन्यांत भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांनी तिथे १८ प्रजातींच्या प्राण्यांची ५,४५० वेळा ये-जा टिपली. वाघ ८९ वेळा गेले. वर ट्रक, खाली वाघ, आणि दोघेही सुखरूप.

आपल्याकडे मात्र विचारणारेच कमी झाले. आमची वसई-विरार महापालिका स्थापन झाली ३ जुलै २००९ला, आजोबांच्या प्रवासाच्याच वर्षी. निवडून आलेल्या सभागृहाची मुदत जून २०२०मध्ये संपली आणि मग पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार पाहिला. रस्ते, नाले, भटक्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण, सगळ्यांवर खर्च होत राहिला, पण उठून "किती आणि कशावर?" असं विचारणारा नगरसेवक नव्हता. १८६४ची आठवण यावी असाच हा काळ.

विधानसभेच्या दृष्टीने वसई तालुका वसई, नालासोपारा आणि बोईसर या तीन मतदारसंघांत विभागला आहे. यांपैकी एका आमदाराला मी पत्र लिहिलं. बुलेट ट्रेन हवी की नको, हा वाद त्यात नाही. तुंगारेश्वर आणि राष्ट्रीय उद्यान यांच्यामधल्या रस्त्यांवर प्राण्यांना ओलांडायला किती जागा मंजूर आहेत, त्यासाठी किती निधी ठेवलाय आणि आजवर किती खर्च झालाय, एवढाच तारांकित प्रश्न विचारा, असं लिहिलंय. तारांकित यासाठी, की उत्तरानंतर उपप्रश्न विचारता येतो. तो हक्क आपल्याला सहजासहजी मिळालेला नाही.

पत्राची पोच अजून आलेली नाही. या श्रावणात आत्याबरोबर पुन्हा त्या दुभाजकावर उभी राहीन, तेव्हा विसरले नाही तर दुसरं पत्र टाकेन.