कॉलेजची पायरी न चढलेला वाचक

अमेरिकेतली आंतरकॉलेज स्पर्धांची परंपरा एका रेल्वे कंपनीच्या पैशावर सुरू झाली. ३ ऑगस्ट १८५२ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या विनिपिसॉकी तलावात हार्वर्ड आणि येल यांच्या नावा उतरल्या. त्या भागात लोहमार्ग टाकलेल्या कंपनीला उन्हाळ्यात प्रवासी हवे होते, म्हणून तिने दोन्ही संघांचा सगळा खर्च उचलला. हार्वर्ड जिंकलं. बक्षिसाची वल्ही फ्रँकलिन पिअर्स यांच्या हस्ते दिली गेली. हे गृहस्थ त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. कंपनीला मात्र कोण जिंकतं याच्याशी कर्तव्य नव्हतं. लोकांनी तिकीट काढून यावं, एवढंच तिला हवं होतं.

कंपनीला आपलं गिऱ्हाईक ठाऊक होतं. पण कॉलेजच्या खेळांबद्दल लिहायचं ते कोणासाठी? सरळ उत्तर म्हणजे त्या कॉलेजच्या आजी-माजी विद्यार्थ्यांसाठी. आरंभी तसंच होतं. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्सने प्रिन्स्टनला फुटबॉलमध्ये ६-४ असं हरवलं, तेव्हा प्रेक्षक जेमतेम शंभर होते आणि सामन्याचं सविस्तर वर्णन आलं ते ‘टारगम’ या रटगर्सच्या विद्यार्थी-पत्रात. लिहिणारा, खेळणारा आणि वाचणारा एकाच आवारातले.

न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांनी हे आवार मोडलं. जोसेफ पुलित्झर यांनी १८८३ मध्ये ‘वर्ल्ड’ विकत घेतलं आणि खेळांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. दहा वर्षांत थँक्सगिव्हिंगच्या दिवशीचा येल-प्रिन्स्टन सामना हा शहराचा उत्सव होऊन बसला. १८९३ मध्ये फिफ्थ ॲव्हेन्यूवरून घोडागाड्यांची रांग लागली होती आणि मैदानात सुमारे चाळीस हजार माणसं होती. १८९५ मध्ये वृत्तपत्रमालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी याच दोन संघांच्या एका सामन्याचं वर्णन लिहायला नामांकित लेखक रिचर्ड हार्डिंग डेव्हिस यांना पाचशे डॉलर मोजले. एवढी रक्कम येलच्या पदवीधरांच्या जीवावर वसूल होणार नव्हती. ती एका सेंटचं दैनिक घेणाऱ्या कारकुनाच्या आणि कामगाराच्या खिशातून यायची होती.

हा वाचक पुरता हाती लागला तो १९२४ मध्ये. १८ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर नोत्र दामने आर्मीचा १३-७ असा पराभव केला. ग्रँटलंड राइस यांनी ‘हेरल्ड ट्रिब्यून’मध्ये नोत्र दामच्या चौघा खेळाडूंना बायबलमधल्या प्रलयाच्या चार घोडेस्वारांची उपमा दिली. उपमेमागचं बीज पेरलं होतं जॉर्ज स्ट्रिकलर या विद्यार्थ्याने. प्रशिक्षक न्यूट रॉकनी यांनी त्याला प्रसिद्धीच्या कामावर नेमलं होतं. मध्यंतरात त्याने पत्रकारांपुढे याच नावाच्या मूकपटाचा विषय काढला होता. लेख छापून येताच पठ्ठ्याने नोत्र दामच्या गावी, साउथ बेंडमध्ये, भाड्याचे घोडे मिळवले, चौघांना गणवेशात त्यांच्यावर बसवलं आणि छायाचित्र देशभर धाडलं. इंडियानातल्या या कॅथलिक विद्यापीठाशी कसलाही संबंध नसलेले न्यूयॉर्कचे हजारो आयरिश कॅथलिक त्याला आपलं मानू लागले. त्यांना ‘सबवेतले माजी विद्यार्थी’ असं टोपणनावही पडलं. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेची बातमी आतल्या पानावर चार ओळींत आटोपते. तिथे परक्या कॉलेजचा संघ घरचा झाला, तो लेखणीने आणि कॅमेऱ्याने.

याची किंमतही होती. ऑक्टोबर १९२९ मध्ये कार्नेगी प्रतिष्ठानने कॉलेज खेळांमधल्या धंदेवाईकपणावर जाडजूड अहवाल काढला, त्यात वृत्तपत्रांच्या वाट्याला स्वतंत्र प्रकरण आलं. पत्रं सुधारली नाहीत. उलट १९३६ मध्ये असोसिएटेड प्रेसने संघांची साप्ताहिक क्रमवारी सुरू केली. दोन शनिवारांच्या मधल्या दिवसांत वाचकाला वाद घालायला काहीतरी हवं, असा ॲलन गूल्ड या संपादकाचा सरळ हिशेब होता.

सगळ्यांची वाट मात्र अशी गर्दीच्या दिशेने गेली नाही. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कचे हॉवर्ड गारफिंकल शालेय बास्केटबॉलपटूंची पारख करणारं एक पत्र काढू लागले. गिऱ्हाईक कोण? कॉलेजांचे प्रशिक्षक. ज्यांना गावोगावी माणसं पाठवणं परवडत नव्हतं, त्यांना टपालाने आलेला नेमका शेरा सोन्यासारखा होता. त्यांना अलंकारिक भाषा नको होती. पोराची उडी कशी आहे आणि डावा हात चालतो का, एवढंच सांगा. लेखकाला आपला वाचक इतका स्वच्छ ठाऊक असल्याचं दुसरं उदाहरण या धंद्यात मिळणं कठीण.

मेल ग्रीनबर्ग यांनी तर वाचक अजून नसतानाच काम आरंभलं. १९७६ मध्ये ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’मधून त्यांनी महिला बास्केटबॉलची राष्ट्रीय क्रमवारी सुरू केली, तेव्हा बहुतेक दैनिकांत या सामन्यांचे आकडेही येत नसत. देशभरच्या प्रशिक्षकांना फोन करून मतं गोळा केली जात.

आता तर लिहिण्याचा विषयच बदलला आहे. १ जुलै २०२१ पासून अमेरिकी कॉलेज खेळाडूला स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार पहिल्या वर्षासाठी प्रत्येक सहभागी विद्यापीठाला आपल्या खेळाडूंना सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट देता येईल असं ठरलं. या विषयावर आज लिहिणाऱ्याने करार, करभार आणि न्यायालयीन आदेश समजणारा वाचक धरला नाही, तर त्याचं लिखाण अपुरंच राहील.