सही आणि स्वभाव : एका अनुमानाचा इतिहास

आजचा विषय दिसायला हलकाफुलका आहे. सहीवरून माणसाचा स्वभाव कळतो का? हा प्रश्न लग्नघरात विचारला जातो, नोकरीच्या मुलाखतीत विचारला जातो, आणि सही बदलून नशीब बदलून देणारे वर्ग तर आपल्या गावोगावी चालतात. सहीखाली रेघ ओढा, रेघेखाली दोन टिंबं द्या, सही वर चढती ठेवा, असे सल्ले तुम्हीही ऐकले असतील. मी तत्त्वज्ञानाचा माणूस. त्यामुळे या सल्ल्यांची थट्टा करण्यापेक्षा त्यांच्या मुळाशी कोणतं अनुमान आहे आणि ते कुठून आलं, हे पाहण्यात मला जास्त रस आहे.

आधी शब्दांकडे बघू. आपल्याकडे या एका गोष्टीला तीन शब्द आहेत. 'दस्तखत' फारसी, दस्त म्हणजे हात आणि खत म्हणजे लिहिलेलं. 'सही' अरबीतून आला; त्याचा मूळ अर्थ बरोबर, खरं. आणि 'स्वाक्षरी' संस्कृत वळणाचा, स्वतःची अक्षरं. हात, खरेपणा आणि स्वत्व. या तिन्हींत 'स्वभाव' कुठेच नाही, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

मराठेशाहीतली पत्रं पाहिली तर आजच्या अर्थाची सही त्यांत फारशी दिसत नाही. मजकूर चिटणीस किंवा कारकून मोडीत लिहायचा. पत्राला अधिकार मिळायचा तो मुद्रेने, आणि मजकूर संपला हे दाखवणाऱ्या मोर्तबाने. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण अजून वापरतो तो तिथूनच आला. कधी मोठ्या माणसाने स्वतः चार ओळी लिहिल्या तर 'दस्तुरखुद्द' असा उल्लेख यायचा. म्हणजे स्वतःच्या हाताने लिहिणं ही मुद्दाम सांगण्याजोगी बाब होती. आणि गावच्या कागदांवर ज्यांना लिहिता येत नसे ते निशाणी करत. पाटलाची निशाणी नांगर. ती सांगायची, हा गावचा पाटील आहे. पाटील रागीट आहे की प्रेमळ, हे त्या नांगरावरून कुणी शोधत नव्हतं. खूण होती ती हुद्द्याची, घराण्याची, जबाबदारीची.

युरोपातही फार वेगळं नव्हतं. मोहरा आणि साक्षीदार यांचाच तिथे दीर्घकाळ भरवसा होता. इंग्लंडमध्ये 1677 च्या कायद्याने काही प्रकारचे करार लेखी आणि सही केलेले असले पाहिजेत असं ठरवलं, आणि सहीचं वजन वाढत गेलं. तरीही सही ही बांधिलकीचीच खूण राहिली. मग तिच्यात स्वभाव कधी शिरला?

इटलीत बोलोन्याच्या कामिलो बाल्दी यांनी 1622 साली, पत्रावरून लिहिणाऱ्याचा स्वभाव कसा ओळखावा यावर एक पुस्तक लिहिलं. पण खरी चळवळ उभी राहिली ती अडीचशे वर्षांनंतर फ्रान्समध्ये. झां-इपोलित मिशों नावाचे एक ॲबे, म्हणजे ख्रिस्ती धर्मोपदेशक. 'ग्राफॉलॉजी' हा शब्द त्यांचा. 1875 मध्ये त्यांनी आपली पद्धत पुस्तकात मांडली. ती सोपी होती. अक्षरातली प्रत्येक खूण एका गुणाला बांधलेली. टी या अक्षराची आडवी रेघ पाहा आणि इच्छाशक्ती ओळखा. खूण नसेल तर उलटा गुण आहे असं समजा. त्यांचे उत्तराधिकारी झ्यूल क्रेप्यू-जामँ यांना हे फार ठोकळेबाज वाटलं. एका खुणेचा एकच अर्थ नसतो, संपूर्ण लेखन एकत्र पाहावं लागतं, असं ते म्हणाले. हे ऐकायला शहाणपणाचं आहे. पण त्यातून एक पळवाटही तयार झाली. भाकीत चुकलं की दुसऱ्या खुणेने पहिलीला छेद दिला, असं म्हणता येऊ लागलं.

आता यातला एक भाग आपल्याशी थेट संबंधित आहे. ही सगळी खूणसूची रोमन लिपीसाठी तयार झाली. टीची रेघ, आयचं टिंब, अक्षरांचा कल. देवनागरीत टी कुठून आणायचा? मोडीत तर आधी कागदभर शिरोरेघ ओढायची आणि मग तिच्याखाली, हात शक्यतो न उचलता, अक्षरं लिहीत जायची. मोडी लिहिणारा प्रत्येक कारकून अक्षरं सलग जोडतो. म्हणून पुण्याचे सगळे कारकून एकाच स्वभावाचे होते काय? जी खूण लिपीमुळे आली तिचं श्रेय स्वभावाला देता येत नाही. एवढी साधी गोष्ट, पण बाजारातल्या पुस्तकांत ती बहुधा सुटलेली असते.

या इतिहासातलं सर्वांत गंभीर प्रकरण म्हणजे द्रेफ्यूस. 1894 साली पॅरिसमधल्या जर्मन वकिलातीच्या कचऱ्यातून एक कागद मिळाला. फ्रेंच लष्कराची माहिती पुरवणार असल्याचं त्यात लिहिलेलं. सही नव्हती. संशय आला तो ज्यू अधिकारी कॅप्टन आल्फ्रेद द्रेफ्यूस यांच्यावर. अक्षराबद्दल मत विचारलं गेलं आल्फाँस बर्तियाँ यांना. शरीराची मापं घेऊन गुन्हेगार ओळखण्याची पद्धत बसवणारा हा नामांकित माणूस, पण हस्ताक्षर हा काही त्यांचा विषय नव्हता. कागदावरचं अक्षर द्रेफ्यूसच्या अक्षराशी काही ठिकाणी जुळत होतं, काही ठिकाणी नव्हतं. बर्तियाँ म्हणाले, जिथे जुळत नाही तिथे द्रेफ्यूसने स्वतःच्याच अक्षराची बनावट नक्कल केली आहे!

पाहा काय झालं. साम्य दिसलं तर पुरावा, भेद दिसला तरी पुरावा. ज्या विधानाला कोणतीही वस्तुस्थिती खोटं पाडू शकत नाही, ते विधान वस्तुस्थितीबद्दल काहीच सांगत नसतं. वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहिलं की मुलं वहीत उतरवून घेतात आणि विसरतात. इथे त्याची किंमत एका निरपराध माणसाने डेव्हिल्स आयलंडवरच्या बंदिवासात मोजली. 1904 मध्ये न्यायालयाने गणितज्ञांकडून तपासणी करवली, त्यांत आंरी प्वांकारे होते. त्यांनी बर्तियाँची सगळी मांडणी निकालात काढली. 1906 साली द्रेफ्यूस निर्दोष ठरले. तो कागद एस्तरहाझी नावाच्या दुसऱ्याच अधिकाऱ्याचा होता.

इथे दोन प्रश्न वेगळे करायला हवेत. 'ही सही कोणाची?' हा एक प्रश्न, आणि 'सही करणारा कसा आहे?' हा दुसरा. पहिल्याचं उत्तर नमुन्यांची तुलना करून, मर्यादेत राहून देता येतं. न्यायालयात तज्ज्ञ ते देतात, बँकेतला कारकूनही रोज देतो. दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याची प्रतिष्ठा उसनी मिळते. 'हस्ताक्षरतज्ज्ञ' हा एकच शब्द दोघांनाही लागतो, आणि ऐकणारा फसतो.

दुसऱ्या प्रश्नाची परीक्षाही झाली. द्रेफ्यूस सुटले त्याच 1906 साली आल्फ्रेद बिने यांचं पुस्तक आलं. हे बिने म्हणजे बुद्धिमापन चाचणीचे जनक. त्यांनी ग्राफॉलॉजिस्ट मंडळींना, खुद्द क्रेप्यू-जामँ यांनाही, नमुने दिले. लिहिणारा पुरुष की स्त्री, हे त्यांनी बऱ्यापैकी ओळखलं. पण ज्यांनी या विद्येचं नावही घेतलेलं नव्हतं अशा सामान्य माणसांनाही ते बऱ्यापैकी जमलं. बुद्धी आणि चारित्र्य यांच्याकडे वळल्यावर उत्तरं नुसत्या अंदाजापेक्षा काहीशी सरस निघाली, पण चुकाही भरपूर निघाल्या. पुढे 1989 मध्ये नेटर आणि बेन-शाखार यांनी 17 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. निष्कर्ष असा की ज्यांना ग्राफॉलॉजी येत नाही असे मानसशास्त्रज्ञही तोच कागद वाचून तितपतच किंवा अधिक बरं सांगतात. उमेदवाराने स्वतःबद्दल लिहिलेलं असलं तर माहिती मजकुरातून मिळते, वळणातून नव्हे. मजकूर तटस्थ ठेवला की भाकितं गळून पडतात. सहीत तर नावापलीकडे मजकूर नसतोच.

मग लोकांना पटतं कसं? 'माझ्याबद्दल अगदी खरं सांगितलं हो!' असं आपल्या ओळखीचे शहाणे लोक म्हणतात. त्याचंही उत्तर या इतिहासात आहे. बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला एका नाइटक्लबमध्ये एका ग्राफॉलॉजिस्टने गाठलं, अक्षर वाचून दाखवतो म्हणून. त्यातून त्यांना कल्पना सुचली. 1948 साली त्यांनी विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'खास तुमचं' म्हणून स्वभाववर्णन दिलं. पाचपैकी गुण द्या म्हणाले. सरासरी चारच्या वर गेली. आणि वर्णन? सगळ्यांना एकच! ज्योतिषाच्या एका पुस्तकातून उचललेलं. तुम्ही वरून शांत दिसता पण आतून कधी कधी अस्वस्थ असता, अशा धाटणीचं वाक्य कोणाला लागू पडणार नाही?

आता आपल्या न्यायदर्शनाच्या भाषेत बोलतो. धूर पाहून अग्नीचं अनुमान करतो, कारण धूर तिथे अग्नी ही व्याप्ती पक्की आहे. उलट मात्र चालत नाही. अग्नी तिथे धूर असतोच असं नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला ओलं लाकूड लागतं. नैयायिक या ओल्या लाकडाला 'उपाधी' म्हणतात. व्याप्तीसारखं जे दिसत होतं त्यामागे लपलेली ही अट असते, आणि ती सापडली की अनुमान कोसळतं.

सहीच्या बाबतीत ओलं लाकूड कोणतं? 1776 चा अमेरिकन स्वातंत्र्याचा जाहीरनामा घ्या. जॉन हॅनकॉक यांची सही सगळ्यांत मोठी, ठसठशीत. इतकी की अमेरिकेत 'जॉन हॅनकॉक' म्हणजे सही, असा वाक्प्रचारच झाला. लगेच निष्कर्ष निघतो, माणूस धाडसी. पण हॅनकॉक काँग्रेसचे अध्यक्ष होते. सही पहिली त्यांची, जागा मधोमध, समोर कागद कोरा. त्याच कागदावर ऱ्होड आयलंडच्या स्टीफन हॉपकिन्स यांची सही आहे. थरथरती, वेडीवाकडी. भित्रा माणूस? वय 69, आणि हाताला कंपवात. त्या कागदावर सही म्हणजे राजद्रोह. पकडले गेले तर फाशी. कापऱ्या हाताने त्यांनी ती केली. दोघांचं धैर्य एकच, वळणं दोन. एकीकडे हुद्दा, दुसरीकडे आजार. ही झाली उपाधी.

1970 मध्ये रिचर्ड झ्वाइगेनहाफ्ट यांनी एका अमेरिकन विद्यापीठातल्या सह्या मोजल्या तेव्हा प्राध्यापकांच्या सह्या विद्यार्थ्यांपेक्षा मोठ्या निघाल्या. आम्हा मास्तर लोकांनी यावर थोडं आत्मपरीक्षण करायला हरकत नाही! अलीकडे व्यवस्थापनशास्त्रातल्या संशोधकांनी कंपनीप्रमुखांच्या वार्षिक अहवालातल्या सह्यांचा आकार आणि आत्मप्रौढी यांचा काही संबंध दाखवला आहे. तो मी नाकारत नाही. पण शेकडो सह्यांच्या सरासरीत दिसणारा कल वेगळा, आणि समोर बसलेल्या एका उमेदवाराबद्दलचा निवाडा वेगळा.

सही काहीच सांगत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. 1605 साली लंडनमध्ये संसद उडवण्याच्या कटात गाय फॉक्सला पकडलं. त्याच्या कबुलीजबाबांवरच्या सह्या आजही जपलेल्या आहेत. छळानंतरची सही म्हणजे जेमतेम ओढलेले काही फिकट फराटे. त्यातून त्याचा स्वभाव कळत नाही, पण त्याच्या शरीराचं काय केलं गेलं ते चारशे वर्षांनंतरही कळतं. पार्किन्सन्समध्ये अक्षर आकसत जातं, हे डॉक्टरांना माहीत आहे. म्हणजे सहीत शरीर दिसतं, शिक्षण दिसतं, लिपी दिसते, हुद्दा दिसतो, घाई दिसते. माणसावर काय काय गुजरलं त्याच्या खुणा असतात तिथे. फक्त त्यांना 'स्वभाव' हे नाव देऊ नये.

का देऊ नये? कारण यात भरडला कोण जातो ते बघा. 1858 साली बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर हाताचा ठसा घेतला. हेतू हा की त्याने पुढे आपली सही नाकारू नये. म्हणजे सही आहे, पण करणाऱ्यावर विश्वास नाही. बोटांच्या ठशांच्या कारभाराची सुरुवात या अविश्वासातून झाली, आणि आपल्या भाषेत 'अंगठाछाप' ही शिवी होऊन बसली. आपल्याकडच्या साक्षरतेच्या वर्गांत आणि बचत गटांत बायका पहिल्यांदा काय शिकल्या? सही. साठीला टेकलेली बाई आयुष्यात पहिल्यांदा अंगठ्याऐवजी नाव लिहिते. एकेक अक्षर सुटं, शिरोरेघ तुटलेली, ओळ खाली उतरलेली. पुस्तकातल्या सूचीप्रमाणे वाचलं तर निदान ठरलेलं: आत्मविश्वासाचा अभाव, निराशा. आणि प्रत्यक्षात त्या क्षणी तिच्याइतका आत्मविश्वास त्या खोलीत दुसऱ्या कुणाकडे नसतो. हे ज्या विद्येला दिसत नाही, तिच्या हातात कुणाची नोकरी किंवा सोयरीक द्यावी का, याचा विचार तुम्ही करा.

फ्रेंच तत्त्वज्ञ झाक देरिदा यांनी 1971 मध्ये माँत्रियलच्या व्याख्यानात सहीतला एक पेच दाखवला. सही एकमेव असली पाहिजे, नाहीतर ती माझी नाही. आणि ती पुन्हा पुन्हा तशीच करता आली पाहिजे, नाहीतर ती सहीच नाही. बँकेच्या खिडकीत 'सही जुळत नाही' असं ऐकलेल्या प्रत्येकाला हा पेच ठाऊक आहे. मला यातून एक गोष्ट दिसते. सही मागे वळून 'मी असा आहे' असं सांगत नाही. ती पुढे पाहून म्हणते, 'हे मी मान्य केलं, उद्या विचाराल तेव्हाही माझंच असेल.' सही म्हणजे वचन. माणूस कसा आहे हे जाणून घ्यायचं असेल, तर सहीची वळणं मोजू नका. सही केल्यानंतर तो त्या कागदाला जागतो की नाही, ते पाहा. त्याला भिंग लागत नाही. वेळ मात्र लागतो.